‘व्यायाम पूर्ण बंद’ हा सल्ला मार्फानवाल्यांना वाचवत नाही

मार्फान, लोईस-डिएट्झ, एहलर्स-डॅनलॉस असे संयोजी ऊतकांचे (शरीराचे अवयव जोडून आणि धरून ठेवणाऱ्या ऊतकांचे) आनुवंशिक आजार असलेल्यांसाठी एक मेसेज सध्या फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही काळजीपोटी. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: या आजारांत महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) कमकुवत असते, म्हणून व्यायाम पूर्ण बंद करा. हृदयाचे ठोके मोजकेच असतात, ते खर्च करू नका. फार तर धाप न लागणारे प्लँक, वॉल-सिट असे स्थिर व्यायाम करा. पटत नसेल तर सामन्यादरम्यान गेलेली व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन आठवा. आणि मुलांना मैदानावर पाठवू नका.

मला मार्फान आहे. महाधमनीचं मूळ ४.२ सेंटिमीटर आहे, रोज बीटा-ब्लॉकर (ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणारं औषध) घेतो, दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. हा मेसेज वाचून मीही दोन दिवस चालायला गेलो नव्हतो. म्हणून हे लिहितोय.

महाधमनी कमकुवत असते, हे खरं आहे. मार्फानमध्ये एफबीएन१ या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे फायब्रिलिन-१ हे प्रथिन नीट तयार होत नाही आणि महाधमनीची भिंत ताण सोसताना हळूहळू रुंदावत जाते. पण भिंतीवरचा ताण कशाने वाढतो? आतला दाब आणि नळीची रुंदी, या दोन्हींनी. म्हणजे विचारायचं ते हे, की अमुक एक हालचाल रक्तदाब किती चढवते. सपाट रस्त्यावर भरभर चाललं तर वरचा आकडा थोडा चढतो, खालचा जवळजवळ तिथेच राहतो. उलट, श्वास कोंडून जड वजन ढकललं तर काय होतं? १९८५ साली काही बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून हे मोजलं गेलं. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला होता. दोन्हींना व्यायामच म्हणतात, पण महाधमनीच्या दृष्टीने त्यांची तुलनाच होत नाही.

‘स्थिर व्यायाम सुरक्षित’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग आहे, कारण तो ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो. माझ्या फिजिओने मला हे दाखवून दिलं. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तिने मला भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं, उभं केलं. सुरुवातीला ११६/७२. मिनिटभरात १६८/१०४. धाप नाही, घाम नाही, मी तिच्याशी बोलायचं मात्र थांबलो होतो. आवळून धरलेला स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या दाबतो, म्हणून दाब चढतो, आणि त्याचा धाप लागण्याशी काही संबंध नाही. बॅग उचलताना, घट्ट झाकण फिरवताना आपण नकळत श्वास कोंडतो तेव्हाही हेच होतं. तिने दिलेला उपाय साधा होता: ‘मोठ्यांदा आकडे मोजत उचला.’ बोलत असताना श्वास कोंडता येत नाही.

बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये, औषध ते मुळातच कमी ठेवतं. बोलता येतंय का, हेच बघावं.

ठोक्यांचा हिशोबही करून बघू. अर्धा तास चालताना मिनिटाला ४० ठोके जास्त पडले तर एकूण १,२०० जादा. नियमित चालण्याने दिवसभराची सरासरी मिनिटाला नुसती ५ ने उतरली, तर दिवसाला ७,२०० वाचले. मार्फानचा जनुकदोष असलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत तर बेताच्या व्यायामाने महाधमनी रुंदावण्याचा वेग कमी झालेला दिसला. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावायचं नाही, पण ‘हालचाल म्हणजे झीज’ या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

आता फ्लो हायमन. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलेल्या अमेरिकी संघातली ही व्हॉलीबॉलपटू २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामन्यादरम्यान गेली. महाधमनी फाटली होती. वाचताना आजही गलबलून येतं. पण मेसेज सांगत नाही ते हे, की तिला मार्फान आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, ते शवविच्छेदनात कळलं. निदान नाही, औषध नाही, इको नाही, आणि वर्षानुवर्षं सर्वोच्च पातळीवरचा स्पर्धात्मक खेळ. स्पर्धा, झटापटीचे खेळ, जड वजनं आम्हाला वर्ज्यच आहेत, त्याबद्दल वाद नाही. तिच्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली आणि त्यालाही मार्फान निघालं. या कहाणीतून घ्यायचं ते हे: घरातल्या एकाचं निदान झालं की आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांचा इको करून घ्या.

सगळे आजार एका माळेत ओवणंही चूक. एहलर्स-डॅनलॉसच्या लवचिक सांध्यांच्या प्रकारात महाधमनीपेक्षा सांधे निखळण्याचा आणि उभं राहिल्यावर ठोके धावण्याचा त्रास जास्त असतो. तिथे बसून किंवा पाण्यात केलेला व्यायाम हाच उपचाराचा भाग असतो. एहलर्स-डॅनलॉसच्याच रक्तवाहिन्यांच्या प्रकारात मात्र धमनी रुंद न होताही फाटू शकते, तिथे मर्यादा फार कडक. आपला प्रकार कोणता, महाधमनी किती सेंटिमीटर, वर्षभरात किती वाढली, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय माझंही ऐकू नका. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर विचारत बसू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा.

राहिली मुलं. माझ्यानंतर ताईचं निदान झालं, मग तिच्या मुलाचं. शाळेत दोन वर्षं खेळाच्या तासाला त्याला पायरीवर बसवून हजेरीचं रजिस्टर सांभाळायला द्यायचे. तो खेळ विसरलाच, जिना चढतानाही घाबरायला लागला. डॉक्टरांनी लेखी दिलं: धक्काबुक्की नाही, उड्यांच्या स्पर्धा नाहीत, वजनं नाहीत, सायकल, पोहणं, चालणं चालेल. आता तो माझ्याबरोबर सायकल चालवतो. चढ लागला की वर्गातल्या गमती मोठ्यांदा सांगत राहतो, आणि वाक्य तुटायला लागलं की स्वतःच उतरून सायकल हातात धरून चालायला लागतो.