काका, उपरी म्हणजे कोण?

आज सकाळी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना बाबांचे जुने मित्र भेटले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. वेलिंग्टनहून कधी आलीस, तब्येत कशी आहे, सगळं मायेने विचारलं. बोलता बोलता २०२३ मध्ये मी तिथे मत दिल्याचं सांगितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "पासपोर्ट भारताचा ना तुझा? मग परक्यांच्या राजकारणात कशाला पडतेस? कितीही वर्षं राहिलीस तरी तिथे तू उपरीच." वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही म्हणून तशीच निघून आले. दुपार झाली तरी तो शब्द डोक्यातून जात नाहीये.

न्यूझीलंडमध्ये कायम राहायचा परवाना असेल आणि सलग १२ महिने तिथे काढले असतील, तर नागरिक नसलेल्यालाही थेट संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. नुसतं देता येतं असं नाही, मतदार यादीत नाव घालणं कायद्याने सक्तीचं आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार. घराजवळच्या शाळेचा हॉल. मतदानाच्या दिवशी प्रचाराला बंदी, त्यामुळे रस्त्यावरचे सगळे फलक आधीच उतरवलेले. टेबलापाशी एक आजी बसल्या होत्या. मी ओळखपत्रासाठी पर्स उघडली तर म्हणाल्या, नको, नाव-पत्ता सांग. माझं आडनाव त्यांना तीनदा म्हणता आलं नाही. चौथ्यांदा जमलं, तेव्हा पट्टी धरून यादीतल्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. पक्षाला एक मत, उमेदवाराला एक. बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले.

आता सांगा, उपरी कोण? तुमचे-आमचे पणजोबा गायकवाडांच्या नोकरीत इथे आले, तेव्हा त्यांना कुठे गुजराती येत होतं? दांडिया बाजारातलं आमचं घर जागचं हललं नाही, पण १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि १९६० मध्ये गुजरात झालं. आजोबांनी त्याच घरातून आधी मुंबई राज्याचा आमदार निवडला, मग गुजरातचा. त्यांना कोणी उपरं म्हटलं असतं तर काका, तुम्हीच पहिले अंगावर धावून गेला असता!

हो, तिथेही सगळं गोड नाही. निवडणुकीला उभं राहायचं तर नागरिकत्वच लागतं. मी मत दिलेला पक्ष हरला, आणि आलेल्या सरकारात बाहेरून येणाऱ्यांना आवरा म्हणणारा पक्षही आहे. पण त्याला विरोध करायचा कागद त्या आजींनी माझ्या हातात दिला होता ना?

आणि आपल्याकडे? भारताचा पासपोर्ट असून, परदेशातली मतदार म्हणून नोंद केली तरी मत द्यायला स्वतः बडोद्यात येऊन उभं राहावं लागतं. ७ मे २०२४ ला इथे लोकसभेचं मतदान होतं. ना रजा होती, ना तिकिटाला पैसे. त्या संध्याकाळी फोनवर आईचं शाई लावलेलं बोट बघत बसले. एवढ्या मोठ्या देशाला परदेशातली मतं गोळा करणं सोपं नाही, तेही कळतं. तरी जीव तुटतोच.

तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १८९३ साली. त्याच सुमाराला आपले सयाजीराव महाराज अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करत होते. हे मी ऑफिसात किती जणांना ऐकवलंय! तिथे बसून बडोद्याचाच अभिमान सांगत असते मी, काका. एकीकडे मत दिलं म्हणून दुसरीकडची माया आटते का? लहानपणी मला खांद्यावर बसवून सूरसागरावर तुम्हीच न्यायचात. तुमच्या तोंडून तो शब्द आला म्हणूनच एवढा लागला.

हे लिहीत असताना आई सांगतेय, काकांचा फोन आला होता. पोरगी न बोलताच गेली, गवारीची पिशवी माझ्याकडेच राहिलीये, संध्याकाळी घेऊन येतो म्हणाले.

येऊ देत. चहा टाकते आणि त्या आजींबद्दल सगळं सांगते.