नवख्या हाताची भीती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सलूनमधील पहिल्या नोकरीवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जिचा हात थरथरतो तिने गिऱ्हाइकाच्या केसांना कात्री लावू नये, भीती ही अपुऱ्या सरावाची खूण आहे, आणि ‘भीती चेहऱ्यावर दिसू देऊ नका’ असे सांगून मी मुलींना लपवाछपवी शिकवते आहे. एका शिकाऊ मुलीने आपल्या भाचीचे कपाळावरचे केस वाकडे कापले, हेही आपण लिहिले आहे.

लपवाछपवीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि ते वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे. खरे तर ते लिहिण्याचा अधिकार मला सर्वांत कमी होता. मी ठाण्यातल्या एका सलूनमध्ये लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक कॉलेजातली मुलगी फ्रिंज, म्हणजे कपाळावर येणारे आखूड केस, कापून घ्यायला आली. माझी धडधड तिला कळू नये म्हणून मी अखंड गप्पा मारत राहिले आणि त्या नादात जे विचारायला हवे होते तेच विचारले नाही. ओले केस ताणले की लांबतात आणि वाळले की आखडतात, हे परीक्षेत विचारले असते तर मी पान भरून लिहिले असते. तरीही तिचे ओले केस फणीने ताणून मी बरोबर भुवईच्या रेषेत, एका दमात कापले. ड्रायरचा वारा लागताच ते बोटभर वर चढले, आणि कपाळाच्या कडेला असलेला भोवरा, जो ओल्या केसांत माझ्या लक्षातच आला नव्हता, उजवीकडचे केस उभे करू लागला. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. आरशात बघत ते केस बोटांनी खाली ओढत राहिली.

सरावाचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. माझा डमीवरचा, म्हणजे केस लावलेल्या पुतळ्याच्या डोक्यावरचा, सराव कमी नव्हता, पण डमीला भोवरा नसतो, फोन वाजला म्हणून ती मान खाली घालत नाही, आणि तिच्यामागे दुसरे गिऱ्हाईक घड्याळ बघत बसलेले नसते. शिवाय घाबरल्यावर खांदे वर चढतात, श्वास आखूड होतो आणि एरवी फक्त अंगठ्याने चालणाऱ्या कात्रीची दोन्ही पाती हलू लागतात, त्यामुळे शिकलेला हातही न शिकल्यासारखा वागतो. म्हणून आता माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगते, की आधी केस कोरडे असताना बघा, ते आपसूक कुठे पडतात ते पाहा, आणि कुठपर्यंत हवेत ते गिऱ्हाइकालाच स्वतःच्या बोटाने दाखवायला सांगा, कारण ‘अर्धा इंच’ प्रत्येकीचा वेगळा असतो. मग दाखवले त्यापेक्षा बोटाच्या रुंदीइतके लांब ठेवून कापा, वाळवा, आणि उरलेले नंतर. एवढे करताना श्वास आपोआप जागेवर येतो. ‘मी नवीन आहे, हळू कापते, चालेल ना?’ हेही मोकळेपणाने विचारावे. गिऱ्हाईक नको म्हणाले तर तो त्याचा हक्क आहे. अशा वेळी सीनियरला बोलवावे. (रंगाच्या कामात मी नवख्या मुलीला धीर देत नाही, 48 तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा रंग त्वचेवर लावून तो सोसतो का याची चाचणी, केल्याशिवाय ब्रश उचलायला तिने घाबरलेलेच बरे.)

एका गोष्टीत मात्र माझा लेख आपल्या टीकेहूनही अधिक दोषी होता. शिकाऊ मुलीला शेजारी कोणीही उभे न करता खुर्चीवर काम द्यायचे आणि पैसे पूर्ण घ्यायचे, ही पद्धत सलून चालवणाऱ्यांची आहे, आणि त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिले नव्हते.

आपल्या भाचीबद्दल : केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दोन-तीन महिने तिला भांग एका बाजूला पाडून ते केस पिनेने बसवू द्या. मध्येच कोणी ‘थोडे सारखे करून देते’ म्हणाले तर थांबवा, कारण वाकडी कड सरळ करायची म्हणजे लांब राहिलेली बाजूही आखूड करावी लागते.