‘पुढे काय झालं?’ हे विचारण्याची सोय

घरफोडी झाली की आपल्याकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन मागण्या येतात. कॅमेरे वाढवा, वॉचमन बदला, भाडेकरूंचं आणि कामवाल्या मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन करा. पाठोपाठ कुणीतरी लिहितंच, ‘परदेशात बघा, असलं काही होत नाही.’ ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना हसू येतं. इथेही घरं फुटतात, रस्त्यात हातातला फोन हिसकावून नेतात आणि बहुतेक घरफोड्यांत चोर सापडत नाही. तक्रारदाराला क्राइम रेफरन्स नंबर मिळतो, तो विमा कंपनीला कळवायचा आणि गप्प बसायचं.

म्हणजे इथलं घेण्यासारखं काही नाही असं नाही, पण ते कॅमेऱ्यांत नाही. लंडनमध्ये प्रत्येक वॉर्डाला ठरलेले पोलीस असतात आणि रहिवाशांचं एक वॉर्ड पॅनल असतं. दर काही महिन्यांनी बैठक होते. पुढच्या काळात पोलिसांनी कशावर भर द्यायचा ते पॅनल ठरवतं. अमक्या गल्लीतली अमली पदार्थांची विक्री, तमक्या शाळेबाहेरची बेफाम वाहनं, असे दोन-तीन ठोस विषय. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, मागच्या विषयांचं काय झालं? शिवाय 2011 पासून पोलिसांच्या संकेतस्थळावर महिनावार गुन्ह्यांचा नकाशा मिळतो. खूण नेमक्या घरावर नसते, जवळच्या रस्त्यावर असते, त्यामुळे तक्रारदार उघडा पडत नाही. ‘आमच्याकडे फार वाढलंय हो’ असं म्हणणाऱ्याला आकडा दाखवावा लागतो.

हे सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. मध्य लंडनमध्ये मोर्चा किंवा मोठा उत्सव असला की वॉर्डाचे पोलीस तिकडे ओढले जातात. आपल्याकडच्या बंदोबस्ताचीच ही विलायती आवृत्ती. 1982 साली चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात सुरू झालेली ‘नेबरहूड वॉच’ची, म्हणजे शेजाऱ्यांनीच वस्तीवर लक्ष ठेवण्याची चळवळही जिथे गरज कमी तिथेच जास्त फोफावली, स्वतःची घरं, बागा आणि दुपारी मोकळा वेळ असलेल्या वस्त्यांत. जिथे भाडेकरू दरवर्षी बदलतात तिथे खांबावरची पाटी तेवढी उरते.

त्यापेक्षा मँचेस्टरजवळच्या रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत 1980 च्या दशकात झालेला प्रयोग जास्त शिकवून जातो. एकदा फुटलेलं घर लवकरच पुन्हा फुटण्याची शक्यता जास्त असते, हे प्रयोग करणाऱ्यांनी हेरलं. चोराला वाट, कुलूप आणि घरातलं सामान ठाऊक झालेलं असतं. म्हणून सगळ्या वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी फुटलेल्या घराच्या अवतीभवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांनाच त्या घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले, कारण चोर त्यातल्या रोख पैशांसाठीच येत. घरफोड्या झपाट्याने घटल्या. आपल्या सोसायटीत चोरी झाली की आपण गेटवर एक वॉचमन वाढवतो. चोरी झालेल्या मजल्यावरच्या चार घरांना पुढचे काही आठवडे काय बघायचं ते कुणी सांगत नाही.

आणि पोलिसांशी नेमाने बोलणं ही काही गोऱ्यांची देणगी नव्हे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. शांतता समितीत नेहमीचे पुढारी आणि शाल-श्रीफळ असतं. मोहल्ला कमिटीत हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि बीटचे, म्हणजे त्या ठरावीक भागाचे पोलीस एकत्र बसत, किरकोळ भांडणंसुद्धा तिथेच चर्चेला येत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. परदेशाचा दाखला देणाऱ्यांना हा दाखला का आठवत नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

सहकार्य भरकटलं तर काय होतं तेही आपल्याकडेच दिसलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवरची अफवा तेवढ्याला पुरली. म्हणून ग्रुपचा एक नियम आधी करा: माणूस कोण दिसतो ते लिहायचं नाही, तो काय करतो ते लिहायचं. ‘संशयित फेरीवाला फिरतोय’ हा मजकूर निरुपयोगी आणि धोकादायक. ‘दुपारी 2:40, बी विंग, दुसरा मजला, एक जण बंद दारांची कुलपं हलवून बघतोय, निळा शर्ट, काळी बॅग’ हा उपयोगी. तोही आधी 112 वर सांगायचा, ग्रुपवर नंतर. फोटो फिरवायचे नाहीत.

कॅमेऱ्यांचा आग्रह असेलच तर हिशेब करा. साधारण 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे रोज 173 जीबी. 1 टीबीची डिस्क सहाव्या दिवशी जुनं पुसून त्यावरच नवं लिहू लागते. कुटुंब पंधरा दिवस गावी जाऊन आल्यावर चोरी कळते, तोवर फुटेज गेलेलं. तीस दिवस हवे असतील तर 6 टीबी लागते. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या दिसतात, चेहरे नाहीत. गेटवरचा एक तरी सात-आठ फुटांवर हवा. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी ताडून पाहा, वीस मिनिटांचा फरक कोर्टात त्रास देतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेजबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावी लागते. त्यामुळे सेक्रेटरीने मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून पाठवणं हा पुरावा म्हणून लंगडाच. चोरी कळताच रेकॉर्डिंग थांबवून डिस्क जपा, ती पोलिसांना पंचनामा करून नेऊ द्या.

भाडेकरूंबद्दल एवढंच: पोलीस आयुक्तांचा आदेश असतो तिथे घरमालकाने माहिती कळवायची असते, न कळवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होऊ शकतो. पण ही माहिती देणं आहे, परवानगी मागणं नव्हे. तिचा आधार घेऊन एकटी राहणारी तरुण मुलं-मुली किंवा अमक्या धर्माची कुटुंबं नाकारणाऱ्या सोसायट्या सुरक्षेचं नाव पुढे करून दुसराच हिशेब चुकता करत असतात.

उरते पोलिसांबरोबरची बैठक. वरिष्ठ निरीक्षकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. बोलवायचं मात्र बीट अंमलदाराला. निरीक्षक बदलून जातात आणि गल्ल्या अंमलदाराला माहीत असतात. भाषणं नकोत, सत्कार नको, अर्धा तास पुरे. विषय दोनच ठेवा आणि कोण काय करणार, कधीपर्यंत, ते तिथेच लिहून घ्या. सोसायटीची कामंही त्याच कागदावर: जिन्यातला दिवा, मागची तुटलेली भिंत, साक्षीला आणि पंच म्हणून उभं राहायला तयार असलेल्या दोघांची नावं. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण पोलीस काही करत नाहीत म्हणणारेच पंच व्हायची वेळ आली की ऑफिसला निघतात. तारीख मात्र गणपती ते दसरा या काळात ठेवू नका. पोलीस ठाण्यातली अर्धी माणसं बंदोबस्तात असतील आणि पहिलीच बैठक रद्द होईल.