फोटोत कोणी नको!

जर्मनीतल्या मराठी घरी पाहुणे आले, की त्यांना रोथेनबुर्ग दाखवणं हा कुळाचार असतो. तटबंदीतलं मध्ययुगीन गाव, दगडी गल्ल्या, लाकडी सांगाड्याची घरं. यंदा सासूसासरे आले होते. सासऱ्यांच्या गळ्यात नवा कॅमेरा आणि तोंडी एकच मंत्र : "फोटोत कोणी नको."

आणि हा हट्ट कुठे, तर प्लोनलाइनपाशी! तिथं रस्त्याला दोन फाटे फुटतात. बेचक्यात ते पिवळं, किंचित कललेलं घर. साऱ्या जगाला फोटो काढायला हीच जागा हवी असते. जपानी मंडळी हलली, तर शाळेची सहल आली. ती गेली, तर नवरानवरी. सासरे एक डोळा मिटून, "आता... आता..." एकदाचा रस्ता मोकळा झाला आणि मध्ययुगात कुरियरची गाडी शिरली.

सासूबाई एव्हाना भिंती न्याहाळत होत्या.

"वाळवी नाही लागत?"

"ओकचं लाकूड आहे, आई. मधे काटक्या विणून वरून माती-पेंढ्याचा लिंपा."

"म्हणजे कूडच की! आमचं राजापूरचं असंच होतं. ह्यांनी पाडून स्लॅब टाकला. आणि आता इथे फोटो काढतायत."

सासऱ्यांनी कॅमेऱ्याचं कसलंसं बटण फार मन लावून फिरवलं.

हे गावही सगळं जुनं नाही. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात बराच भाग कोसळला, तो पुन्हा उभारला. तटासाठी जगभरातून देणग्या आल्या. भिंतीत देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आहेत. सासूबाई चष्मा लावून त्यांत कुलकर्णी शोधत अर्धा तट चालल्या. सापडले नाहीत.

चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या दर तासाला उघडतात. एकीत गाव जिंकून घेतलेल्या सेनापती टिलीचा बाहुला, दुसरीत गावच्या माजी नगराध्यक्षाचा, नुशचा. १६३१मध्ये टिलीच्या पैजेखातर नुशने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं, अशी आख्यायिका. बाहुल्यानं पेला तोंडाला लावला, खाली आणला, खिडक्या बंद.

"पिऊन गाव वाचवलेला पहिलाच बघतेय," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही मुक्कामाला होतो, म्हणून निभावलं. पहाटे सासऱ्यांनी मला उठवून प्लोनलाइनला नेलं. माणूस नाही, मांजर नाही. फोटो निघाला, घरच्या ग्रुपवर पडला. लगेच पुण्याहून धाकट्या काकांचं उत्तर आलं :

"दादा, नेटवरचा दिसतोय. तुम्ही दोघं असलेला टाका."