वारा वाहत होता म्हणजे वाहतच होता!

गेले चार महिने दर मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठला मी माडीवर जाऊन बसतो, कारण खाली रेंज येत नाही. स्पॅनिशचा ऑनलाइन क्लास. जहाजावरच्या नोकरीसाठी हवाय, हौस म्हणून नाही. फी आगाऊ भरलीय, तीही आंब्याच्या पैशातून. आणि परवा माझा निबंध परत आला तो सगळा लाल!

विषय होता आठवणीतला एक दिवस. दापोलीकडच्या माणसाने दुसरं काय लिहायचं? ३ जून २०२०, निसर्ग वादळ. मी लिहिलं होतं : वारा वाहत होता, पत्रे उडत होते, आम्ही माजघरात बसलो होतो आणि मागच्या पडवीवर माड पडला. पहिली तीन क्रियापदं इम्पेर्फेक्तोत, म्हणजे क्रिया चालू होती असं सांगणाऱ्या भूतकाळात : सोप्लाबा, वाहत होता, वगैरे. माड पडला ते इंडेफिनिदोत, म्हणजे घटना पूर्ण झाली असं सांगणाऱ्या भूतकाळात : कायो, पडला. मॅडमनी चारही इंडेफिनिदो करून टाकली. का, तर म्हणे, "वादळ २०२० मध्येच संपलं ना? संपलेली क्रिया म्हणजे इंडेफिनिदो."

अहो, संपलं हो! आमची निम्मी पोफळीची बाग घेऊन संपलं, ते मला सांगायला नको. पण भूतकाळातलं सगळंच संपलेलं असतं, मग इम्पेर्फेक्तो ठेवलाय कशाला? ती दुरुस्ती मराठीत वाचून बघा : वारा वाहिला, पत्रे उडाले, आम्ही माजघरात बसलो, माड पडला. म्हणजे पत्रे उडून झाल्यावर आम्ही सावकाश आत जाऊन बसलो आणि मग माड पडला? असं काही घडलं नव्हतं. तो पडला तेव्हा आम्ही आधीपासूनच जीव मुठीत धरून आत बसलेलो होतो. प्रश्न संपलं की नाही हा नाहीच. सांगणारा त्या वेळेच्या आत उभा राहून सांगतोय की पूर्ण झालेली घटना म्हणून सांगतोय, एवढाच प्रश्न आहे. आणि हे मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं!

"आजोबा रोज बंदरावर जायचे" इथे ईबा. "त्या दिवशी आजोबा बंदरावर गेले" इथे फुए. आपल्याकडे दोन रूपं आहेत, त्यांच्याकडेही दोन. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'वेंट' चालतं. पण शिकवायचं इंग्रजीतून! मी मराठीत विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंग्लिशमध्ये विचार कर." का करू? क्लासमधल्या आम्हा सातही जणांची मातृभाषा मराठी आहे, मॅडमचीसुद्धा. सरावाच्या अ‍ॅपचीही तीच गत. नुसतं 'आय वेंट टू द बीच' असं वाक्य देतात. एकदा गेलो की दररोज जायचो, काही पत्ता नाही. ईबा लिहिलं की चूक. का चूक, ते सांगायची पद्धतच नाही.

सर्वांत संताप येतो तो साबिया आणि सुपेचा. एका तासाला मॅडमनी सांगितलं की साबेर म्हणजे माहीत असणे, पण इंडेफिनिदोत त्याचा 'अर्थ बदलतो', हा अपवाद आहे, पाठ करा. अपवाद कसला? साबिया म्हणजे मला माहीत होतं, सुपे म्हणजे मला कळलं. कोनोसिया म्हणजे ओळखत होतो, कोनोसी म्हणजे ओळख झाली. तेनिया उन इहो म्हणजे तिला मुलगा होता, तुबो उन इहो म्हणजे तिला मुलगा झाला. होता आणि झाला! आपण दिवसातून शंभर वेळा हा फरक करतो, कुणी कधी पाठ केला होता का? तीन आठवडे मी अपवाद म्हणून तक्ते घोकले. तीन आठवडे! स्पेनमध्ये आज जेवण झालं असेल तर ए कोमिदो म्हणतात आणि काल जेवलो असेल तर कोमी. तिथेही 'मी जेवलोय' आणि 'काल जेवलो' एवढं म्हटलं असतं तर वही उघडायची गरज पडली नसती.

घोकायला माझी ना नाही. तुबे, पुसे, इसे, दिहे, त्राहे ही इंडेफिनिदोची अनियमित रूपं घोकावीच लागतात, मी पहाटे उठून घोकतो. फुई म्हणजे मी गेलो आणि फुई म्हणजे मी होतोसुद्धा, तेही घेतलं पदरात. आब्लोच्या शेवटच्या ओवर जोर दिला नाही तर 'तो बोलला'चं 'मी बोलतो' होतं, त्यासाठी माडीवर एकटा मोठमोठ्याने ओरडत बसतो. कष्टाचा राग नाही. जे मला आईच्या पोटातून येतं ते काढून घेऊन, इंग्रजीचा वळसा घालून, अर्धवट करून परत मलाच विकलं जातंय, याचा राग आहे.

पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पागार म्हणजे पैसे देणे, स्पॅनिशमध्येही तेच. फी मी एकदाच भरली, म्हणून पागे. दर महिन्याला भरत असतो तर पागाबा झालं असतं, आणि या महिन्यात मी ती भरली नसती.

गुरुवारी तोच निबंध पुन्हा पाठवणार आहे. सोप्लाबा तसंच ठेवून.