नक्कल मोबाईलवर येत नाही: घटस्फोटाच्या कागदाबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

२०२५ च्या अखेरीस लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची घाई उडाली आणि घटस्फोटित बायकांकडे कोर्टाच्या आदेशाची प्रत मागायला सुरुवात झाली. त्याच सुमारास आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरू लागला, तो अजून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घटस्फोटाचा निकाल शहरातल्या फॅमिली कोर्टात असतो. तो ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घ्या, तीच प्रत सगळीकडे चालते. तिथे नसेल तर दहा रुपयांत माहिती अधिकार टाका. निकाल जुना असेल तर नाद सोडा, तीन वर्षांनी कोर्ट कागद जाळतं. आणि काहीच जमलं नाही तर नोटरीकडे शंभरच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घ्या. शेवटी हात जोडलेले आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

मी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. आठवड्यातले दोन दिवस कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसते. गरजूंपर्यंत मेसेज पोहोचला आहे, याची साक्ष मी देऊ शकते. काही जणी तर त्याची झेरॉक्स काढून आणतात.

आधी फॅमिली कोर्टाचं बघू. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरासाठी असं न्यायालय काढायचं बंधन त्याने राज्य सरकारवर घातलं, बाकी ठिकाणी सरकारला वाटलं तर. म्हणजे मुंबई, पुणे, नागपूरला वेगळं कौटुंबिक न्यायालय आहे, पण तालुक्याच्या माणसाचा घटस्फोट बहुतेक वेळा साध्या दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे झालेला असतो. वकील मंडळी त्या प्रकरणाला ‘एचएमपी’ (हिंदू मॅरेज पिटिशन) म्हणतात. त्याचे कागद त्याच इमारतीत, दिवाणी दाव्यांच्या गठ्ठ्यांशेजारी असतात. मेसेज वाचून एसटीने दीडशे किलोमीटर जाऊन आलेली एक बाई मला भेटली, तिचा निकाल माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर होता.

आता मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसलेली अडचण. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अर्ज कुठे कुठे दाखल होऊ शकतो? लग्न लागलं तिथे, समोरचा पक्ष राहतो तिथे, दोघं शेवटचं एकत्र नांदले तिथे, आणि २००३ पासून अर्ज बायकोचा असेल तर ती राहते तिथेही. म्हणजे एकाच घटस्फोटासाठी तीन-चार कोर्टं शोधावी लागू शकतात. त्यात जिल्हे फुटले. पालघर २०१४ साली ठाण्यातून निघाला, हिंगोली १९९९ साली परभणीतून, नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून. त्याआधीच्या निकालाची चौकशी जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही करावी लागते. म्हणून मी पहिला प्रश्न ‘निकाल कधी लागला’ हा विचारतच नाही. लग्न कुठं लागलं, शेवटचं कुठं नांदलात, केस कुणी टाकली, हे तीन विचारते. निम्मा शोध तिथेच संपतो.

ई-कोर्ट्सबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याने जास्त नुकसान होतं. प्रकरणाचा शोध मोबाईलवर घेता येतो, हे खरं. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. खाली ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असा पर्याय असतो. निम्मी मंडळी ‘प्रलंबित’वरच ठेवून शोधतात आणि केसच नाही म्हणून परत येतात. नावं बहुधा इंग्रजीत भरलेली असतात, तिथे दुसरी गंमत. गव्हाणे हे आडनाव कुणी ‘व्ही’ घालून लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’. बायकोचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं. मी पूर्ण नाव टाकतच नाही, नवऱ्याच्या आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकते आणि यादी वरून खाली वाचते. सापडलं की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात ‘एमएच’ने. तो, प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख, एवढं वहीत उतरवून घ्यायचं. मोबाईलचं काम इथे संपलं.

निकाल मात्र तिथे बहुधा उघडत नाही, आणि तो बिघाड नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने वैवाहिक प्रकरणं बंद दाराआड चालवायला सांगितलं आहे. त्यातला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तेवढे त्या न्यायालयाच्या परवानगीने छापता येतात. (माजी सुनेच्या निकालाचा फोटो गावच्या गटावर टाकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) एखाद्याला काही उतरवता आलंच, तरी ती माहितीसाठीची प्रत. सरकारी कामाला लागते ती प्रमाणित प्रत, आपल्या भाषेत नक्कल: कोर्टाचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि ‘खरी नक्कल’ असा शेरा असलेली. पूर्वी तिचा आधार पुरावा कायद्याचं कलम ७६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५ आहे. कलम बदललं, नक्कल विभागाची खिडकी तीच राहिली.

त्या खिडकीवर जायला वकील लागतोच असं नाही. पक्षकार स्वतः नकलेचा अर्ज देऊ शकतो. अर्जात न्यायालयाचं नाव, प्रकरण क्रमांक, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा, हे लिहायचं. ‘माझ्या केसचे सगळे कागद द्या’ असं लिहिलं की फी वाढते, वेळ वाढतो आणि नको ते चाळीस पानी जबाब हातात पडतात. ‘निकालपत्र व हुकूमनामा (डिक्री)’ एवढंच मागा. आणि ज्यांचा निकाल आता लागतो आहे त्यांच्यासाठी: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३, पोटकलम ४ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षांना मोफत द्यायची आहे. हे सांगितलं की बायका माझ्याकडे संशयाने बघतात, कोर्टात काही फुकट मिळतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ती प्रत निकालानंतर लगेच घेतली असती तर माझं टेबल निम्मं रिकामं झालं असतं.

माहिती अधिकाराचा मुद्दा थोडक्यात. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात, हा रस्ता स्पष्टपणे बंद केला. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनी मिळण्याची सोय आहे, तेव्हा त्याच नियमांनी मागा. तिऱ्हाइताला हवा असेल तर त्याने कारण सांगून अर्ज करावा. माहिती अधिकाराचं उत्तर यायला महिना जातो आणि त्यात बहुतेक ‘नकलेसाठी अर्ज करावा’ एवढंच असतं. दहा रुपयांपेक्षा तो महिना महाग पडतो.

तीन वर्षांनी कागद जाळतात हे तर निव्वळ भीती घालणं आहे. निकाली प्रकरणातले कागद वर्गवारी करून ठेवतात आणि प्रत्येक वर्गाची मुदत वेगळी असते. समन्सच्या प्रती, तहकुबीचे अर्ज आधी जातात, निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ जपायच्या वर्गात मोडतात. संगणक येण्याआधीचं प्रकरण मोबाईलवर दिसलं नाही म्हणजे ते नाही, असंही नाही. रजिस्टर बघायला लावा. रेकॉर्ड रूममधून गठ्ठा मागवायला वेळ लागतो, खेपा होतात, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलात तर खेप फुकट जाते. तो त्रास खरा आहे, त्यावर मी कुणाची बाजू घेणार नाही.

सगळ्यात घातक आहे शेवटचा सल्ला. नोटरी घटस्फोट देत नाही. तुम्ही त्याच्यासमोर सही केलीत, एवढंच तो सांगतो. काही समाजांत काडीमोडाची, फारकतीची रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती राखलीही आहे. पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे, वाद उठला की, पुराव्याने सिद्ध करावं लागतं. स्टॅम्पपेपर हा तो पुरावा नव्हे. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं आणि पहिल्या जोडीदाराने तक्रार केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ पुढे उभं राहतं: पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न. राहता राहिला शंभरचा स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा आला. मेसेज किती जुना आणि किती हातांतून आला आहे, ते यावरून कळतं.

मेसेजमध्ये नाही अशी एक गोष्ट मी रोज बघते. बायकांकडे कागद असतात, फक्त हवा तो नसतो. मागच्या महिन्यात एका ताईंनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून सात कागद काढून टेबलावर पसरले. एक पोटगीचा आदेश होता, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. तो फौजदारी न्यायालयाचा, आणि पोटगी मंजूर झाली म्हणजे लग्न मोडलं असं होत नाही. एक तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीबद्दल कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दोघांच्या अंगठ्याच्या ठशांचं. तीन पानं नवऱ्याच्या अर्जाची झेरॉक्स. एक वकीलपत्र. आणि तळाशी, चार घड्यांनी पिवळं पडलेलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं समन्स. ते त्यांच्या भावाने घेतलं होतं आणि त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. समन्सच्या डोक्यावर प्रकरण क्रमांक होता. सातातला तेवढाच कामाचा.

त्या क्रमांकावर शोधलं तर प्रकरण निकाली निघालं होतं, नऊ वर्षांपूर्वी, एकतर्फी, म्हणजे ताईंच्या गैरहजेरीत. ताईंना वाटत होतं केस पडून आहे. ताई त्या प्रकरणात पक्षकार होत्या, म्हणजे नक्कल मागायला त्यांना कुणाची परवानगी नको होती. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने. तो त्यांना त्या जिल्ह्यातून मिळाला, नकलेचा अर्ज मात्र त्यांनी स्वतःच्या सहीने दिला. तेही मीच सुचवलं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागायला तीस दिवस असतात. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्या तारखेपासून धरतात. कधी कळलं हे कोर्ट विचारणारच, आणि तेव्हा तोंडी सांगण्यापेक्षा कागदावरची तारीख बरी.

नक्कल आली. ताईंनी पहिलं पान वाचलं. त्यांनी स्वतःहून नांदायला नकार दिला, असं नवऱ्याने शपथेवर सांगितल्याचं तिथे लिहिलं होतं. त्या बराच वेळ तेच पान धरून बसल्या. मी ते उलटून मागचा शिक्का दाखवला. त्यात तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, नक्कल दिल्याची. अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वजा करतात ते याच तारखांवरून. ताईंना रद्द करून घ्यायचंय की आहे तसंच राहू द्यायचंय, हे अजून ठरलेलं नव्हतं. मी त्यांना तिन्हींतली पहिली तारीख वहीत लिहून घ्यायला लावली, आणि पुढचा नंबर पुकारला.