मोबाइलच्या जोडीला मर्लिनही हवं

मोबाइलने रस्ते मोजण्यावरचा तुमचा लेख वाचला. गाडीत मोबाइल ठेवून रस्त्याचा खडबडीतपणा मोजता येतो, हे त्यातलं म्हणणं बरोबर आहे. पण तोच रस्ता जीपमध्ये वेगळा आकडा देतो आणि जुन्या टेम्पोत वेगळा; वेग बदलला तरी आकडा बदलतो. त्यामुळे आधी गाडीचा आकडा कशाशी तरी ताडून घ्यावा लागतो. लेखात नेमकं हेच राहिलंय.

त्यासाठी मर्लिन नावाचं साधं यंत्र आहे. ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ते खास विकसनशील देशांसाठी तयार केलं, १९९१ साली त्याचा अहवाल आला. पुढे सायकलसारखं चाक, मागे पाय, मध्ये रस्त्याला टेकणारा दांडा आणि तो वरखाली झाला की यंत्रावर लावलेल्या कागदावर सरकणारा काटा. चाकाचा एक फेरा झाला की थांबायचं, काटा जिथे असेल तिथे कागदावर फुली मारायची. अशा २०० फुल्या झाल्या की दोन्ही टोकांच्या दहा-दहा सोडायच्या आणि उरलेल्यांचा पसारा पट्टीने मोजायचा. खराब रस्त्यावर फुल्या कागदभर विखुरतात, चांगल्या रस्त्यावर मधोमध गर्दी करतात. कोणताही वेल्डर हे बनवू शकतो.

मी गावाकडच्या रस्त्यावर हे ढकललं आहे. उन्हात कंबर मोडते, पण आकड्यावर विश्वास बसतो. तालुक्यात असं एक यंत्र ठेवा, दोन-चार तुकडे त्याने मोजा, त्यावरून गाडीतला मोबाइल जुळवून घ्या आणि मग बाकीचे रस्ते खुशाल मोबाइलने मोजा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.